कौसाबाईच्या घरचं पाणी

माझ्या नातीने मोबाईलवर मराठी टाइप करायला शिकवलं, म्हणून हे लिहिते आहे. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. एक गोष्ट आधी सांगून टाकते. भूत-बीत, बाहेरचं-बिहेरचं, असलं मी कधी मानलं नाही. आमच्या लेआउटमधल्या कितीतरी म्हाताऱ्यांना शेवटची आंघोळ मी माझ्या हाताने घातली आहे. माझे मालक गेल्यावर त्याच खोलीत, त्याच खाटेवर झोपले. माहेरी करडीला बायका तळ्याच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, भुतांच्या गोष्टी सांगायच्या, तेव्हा मी त्यांना हसायचे. आता मला कोणी हसलं तर हसू द्या… पण हे माझ्या पोटच्या पोरीसोबत झालं आहे, आणि अजून संपलं की नाही ते मला सांगता येत नाही.

मी साकोलीला राहते. हायवे सोडून आत आलं की जुना लेआउट लागतो. मास्तर लोकांनी, बँकेतल्या, एसटीतल्या लोकांनी स्वस्तात प्लॉट घेऊन बांधलेली ही बैठी घरं. पुढे थोडं आंगण, मागे विहीर नाहीतर बोअर, मधे कमरेएवढी कंपाउंडची भिंत. आम्ही सगळ्या तरण्याताठ्या इथे आलो आणि इथेच म्हाताऱ्या झालो. पोरं पुण्याला, नागपूरला, हैदराबादला गेली. आता एकेक घर विकायला निघतं. किल्ल्या माझ्याकडे राहतात. मी काही दलाल नाही हो! पण मला बोलायला आवडतं, माझा पाय घरात ठरत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक आलं की घर दाखवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

त्याची माझी एक पद्धत आहे. आदल्या दिवशी खिडक्या उघडायच्या, झाडून घ्यायचं, दारापुढे सडा-रांगोळी करायची. आणि गिऱ्हाईक आलं की बाईमाणसाला आधी एकटीला स्वयंपाकघरात जाऊ द्यायचं. घर तिथे पसंत पडतं. पुरुष बाहेर स्लॅब ठोकून बघत राहतात, तोवर आत निर्णय झालेला असतो.

आमच्या लेआउटमधे अजून एक रीत आहे. कोणी घर विकून निघालं की त्या घरची बाई उंबरठ्याची ओटी भरते. तांदूळ, नारळ, हळदी-कुंकू, खण. पोरीला सासरी धाडताना भरतात तशीच. आणि बाहेर पाय टाकताना ‘जातो’ म्हणते; आमच्याकडे बायकाही ‘येतो-जातो’च बोलतात. एरवी आपण कुठेही निघालो तरी ‘येतो’च म्हणतो, ‘जातो’ कोणी तोंडातून काढत नाही. पण घर सोडताना म्हणायचं. मग मागे वळून बघायचं नाही. कोणी सुरू केलं माहीत नाही, पण प्रत्येकीने केलं आहे. कौसाबाई सोडून.

कौसाबाई माझी शेजारीण. भिंतीला भिंत. माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी, पण मैत्रीण म्हणा, मोठी बहीण म्हणा, सगळं तीच. तिच्या घरात कोणीही पाय टाको, पोस्टमन असो की भंगारवाला, आधी पाणी. माठातलं, पितळेच्या गडव्यात. पाणी प्याल्याशिवाय बोलू द्यायची नाही. तिचा मुलगा दिलीप पुण्याला नोकरीला आहे. मोतिबिंदूचं ऑपरेशन करून आठ-पंधरा दिवसांत आणून सोडतो, असं सांगून तो आईला घेऊन गेला. कारमधे बसताना कौसाबाई मला म्हणाली, “येतो व शांते. कुंडीतल्या झाडाईले पाणी घालजो.”

ती आली नाही. पुण्याला बाथरूममधे घसरून पडली, आणि तेव्हापासून पलंगावर. दिलीपने घर विकायचं ठरवलं. सामान नेलं, माठ कोणाला देऊन टाकला, लाईट-मोटर बंद केली. मला फोनवर म्हणाला, “काकू, आईले सांगू नोका. तिले वाटते घर तसंच हाय. कायले दुखवाचं?” त्याचं मन वाईट नव्हतं. मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं.

पहिलं गिऱ्हाईक लाखनीकडचं आलं. नवरा-बायको. दिवस उन्हाळ्याचे, पण सकाळच होती. बाई स्वयंपाकघरात गेली, मी आणि तिचा नवरा आंगणात बोअर बघत होतो. ती पदराने तोंड पुसत बाहेर आली.

“काकू, आतल्या आजी लय चांगल्या हाय जी. न मागता पाणी देल्लं. काय थंडगार व्हतं!”

मी म्हटलं, “कोणत्या आजी?”

“त्याच… हिरव्या लुगड्यातल्या. हातावर गोंदण हाय.”

मला वाटलं, मागच्या दाराने गल्लीतली कोणी आली असेल. आत गेले. मागचं दार आतून कडी लावलेलं. ओट्यावर धूळ, नळाला टिपूस नाही. गडवा नाही, पेला नाही, काहीच नाही. बाईचे ओठ मात्र ओले होते, मी पाहिले होते. मी हसून विषय बदलला. काय करणार? गिऱ्हाईकासमोर असं बोलणं बरं दिसतं का?

चारेक दिवसांनी तिच्या नवऱ्याचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणे, “काकू, आमाले ते घर नोको. बायको सोताच्या घरात बसली हाय अन् मले मनते, मले घरी नेऊन द्या. सायंकाळ झाली की पिशवी भरते. कोणाचं घर मनून विचारलं त सांगता येत नाही.”

मी फोन ठेवला. हिरवं लुगडं आणि हातावरचं गोंदण कौसाबाईचंच, पण ती तर पुण्यात होती. उन्हाचं डोक्यात गेलं असेल, अशी मनाची समजूत घातली.

दुसरं गिऱ्हाईक आसगावचं. खताचं दुकान आहे, धिप्पाड माणूस, मिश्या मोठ्या. पोरांच्या शाळेसाठी साकोलीला घर पाहिजे होतं. त्याला एकट्याला आत सोडायचं नाही असं ठरवून मी त्याच्या मागे मागेच होते. पण शेजारच्या खोलीतली खिडकी लावायला म्हणून क्षणभर थांबले… आणि आतून त्याचा आवाज आला, “बस बस, माय, झालं.”

बाहेर येऊन मलाच बोलला, “काय मावशी, तुमी त सांगतलं घर खाली हाय मनून. म्हातारीले काय घरासंगच विकून राहिले काय?” आणि खो खो हसला.

मी त्याच्या पायाशी पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारापासून तो उभा होता तिथपर्यंत पाण्याचे थेंब सांडले होते. आपण भरलेला पेला हातात घेऊन चालतो ना, तसे. घाईने कुलूप लावलं.

त्याच हप्त्यात एका दुपारी मला खराट्याचा आवाज आला. भिंतीपलीकडून. खर्र… खर्र… सावकाश, एका लयीत. मी डोकावून पाहिलं, तर तोच माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट, आणि कौसाबाईच्या आंगणात वाकून झाडतो आहे. वाळलेल्या पानांचे ढीग लावलेले. फाटकाला कुलूप तसंच.

मी ओरडले, “ओ भाऊ! हे काय करून राहिले?”

त्याने वर पाहिलं. आधी ओळख नव्हती डोळ्यात. मग हातातल्या खराट्याकडे असं पाहिलं जसा साप धरला आहे. खराटा फेकला आणि विचारलं, “मावशी… मी इथं कसा आलो?” एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्याला पाणी आलं होतं. भिंत ओलांडून पळाला. नंतर मी फोन केला, तर उचलला नाही.

आता मात्र मी पुण्याला फोन लावला. दिलीपची बायको मनीषा, चांगली पोर आहे, सासूचं सगळं करते. मी तिला काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, “कौसाबाई काय म्हणते?”

“काय सांगू काकू. दिवसभर गप्प असतात. पण मधूनच एकदम मान उचलतात आणि विचारतात, त्याईले पाणी देल्लं काय व? मी म्हणते, कोणाला? तर म्हणतात, घर पाहाले आले ना ते.”

मी विचारलं, असं कधी कधी झालं? तिने सांगितलं, तिच्या बहिणीच्या साखरपुड्याला निघताना एकदा, आणि सिलेंडर आला त्या सकाळी एकदा. मी माझ्या मनाशी दिवस लावून पाहिले; गिऱ्हाईकं आली तेच दोन दिवस. पुढे काही विचारायची हिंमत झाली नाही. घर बघायला लोक येतात, हे तर तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

लोक मेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगतात. ही तर जिती होती हो. पुण्यात, पलंगावर. मनीषाच्या हातून पातळ खिचडी खात होती…

इथपर्यंत मी कडेकडेने घाबरत होते. खरं भेव पुढे आहे.

माझी मुलगी वंदना. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. जावई गेल्यापासून तिचं कुठेच मन लागत नव्हतं. हसणं विसरली होती. तिची पोरगी, म्हणजे माझी नात, नागपूरला शिकते. साकोलीजवळ बदली झाल्यावर वंदना माझ्याकडेच राहत होती, पण तिला आपलं घर पाहिजे होतं. आणि एक दिवस चहा पिता पिता म्हणाली, “आई, मी कौसामायचं घर घेऊ काय? तुह्या बाजूलेच राहीन.”

मी बशी खाली ठेवली. म्हटलं, “नाही. ते घर नाही. दुसरं कोणतंही पाहा.”

“काहून पण? दिलीपभाऊ आपल्याले देतेच.”

मी सगळं सांगितलं. ती हसली. “आई, तू तर भुताले लाथ मारनारी बाई. तुले काय झालं व?”

सोमवारच्या बाजाराला मी भाजी आणायला गेले होते. परत आले, तर खिळ्यावरची किल्ली नव्हती. पिशवी दारातच टाकली. तेवढ्यात वंदना भिंतीपलीकडून आली. चेहरा शांत, मोकळा. जावई गेल्यापासून तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

मी तिचे दोन्ही हात धरले. “तिथं काही खाल्लं-पेलं त नाही ना?”

“पाणी पेलो ना. कौसामायनं देल्लं.” असं सहज म्हणाली, जसं दुकानातून साखर आणली म्हणून सांगावं.

“वंदे, कौसाबाई पुण्यात हाय व!”

“हो. मले मालूम हाय…” म्हणाली, आणि मग तिच्या कपाळावर आठी पडली. आपण काय बोललो ते आपल्यालाच कळलं नाही, अशी माझ्याकडे पाहत राहिली. मी तिला छातीशी धरून रडले. ती रडली नाही. उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवत होती.

त्या दिवशी दिवेलागणीला ती चपला घालून उभी राहिली. म्हणे, “चाल, घरी जातो.”

“हे घरच हाय तुहं.”

“हो का?” म्हणाली आणि बसली. पण चपला काढल्या नाहीत.

दुसऱ्या सकाळी मी दिलीपला फोन करून असं झोडपलं की त्याच्या बापानेही कधी झोडपलं नसेल. तो म्हणाला, “काकू, तुमी बी? उष्णतेनं होते असं.” मी म्हटलं, “दिलप्या, तुह्या मायनं तुले नऊ महिने पोटात ठेवलं, तुले तिले एक दिवस घरी आनता येत नाही? तिनं ‘येतो’ मनून घर सोडलं हाय. तिले आन, खरं सांग, अन् नीट निरोप घेऊ दे. नाही त मी पुण्याले येऊन तुह्या सोसायटीच्या फाटकात बसतो.” मी बसले असते, हे त्याला माहीत होतं.

त्याने आणलं. मोठी गाडी करून, मागच्या सीटवर गादी घालून. घराचं काय ते रस्त्यातच सांगितलं म्हणे. गाडी थांबली तेव्हा लेआउटमधल्या आम्ही सगळ्या बायका उभ्या होतो. स्वच्छ सकाळ, ऊन पडलेलं. कौसाबाई हाडाचा सापळा झाली होती, पण जीभ तशीच.

“फसवलं काय रे दिलप्या मले? डोळ्याचं सांगून नेलं अन् घरच काढलं?”

“आई, तुले वाईट वाटू नये मनून…”

“वाईट वाटाले मी काय लहान पोट्टी हाय?” मग मला पाहून म्हणाली, “शांते, किती वाळली व? दिलीपची मनीषा चांगलं खाऊ घालते, तू बी चाल पुन्याले.” आम्ही रडता रडता हसलो.

खुर्चीत बसवून तिला उंबरठ्याशी आणलं. मी तांदूळ-नारळ हातात दिलं. तिने हळदी-कुंकू लावलं, खण ठेवला, ओटी भरली. डोकं टेकलं. मग अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, “जातो माय.”

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. वंदना माझ्या बाजूलाच उभी होती. मी तिचा हात घट्ट धरला होता. वाटलं, सुटलो.

दिलीपने खुर्ची वळवली, तशी कौसाबाई म्हणाली, “थांब.” तिने मान वळवली. वळवायची नसते, पण वळवली. आतल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून म्हणाली, “चाल व. आता आपलं नाही इथं काही.”

आम्ही सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं. आत कोण आहे? कोणीच नाही. सकाळी मीच झाडून काढलं होतं.

आणि आतून आवाज आला. माठावर झाकण ठेवतात ना, तसा. अलगद. मातीवर मातीचा. मी एकटीने ऐकला असता तर तुम्हाला सांगितलाही नसता. सगळ्यांनी ऐकला. दिलीपनेही.

कौसाबाईने कान देऊन ऐकलं. जसं कोणी पलीकडून बोलतं आहे आणि ही समजून घेते आहे. मग मान हलवली.

“नाही येत मनते.”

दिलीपने विचारलं, “कोण, आई?”

“राहू दे बापू. तिची मर्जी. मी त चालली.”

गाडीत बसवल्यावर मी खिडकीतून तिचा हात धरला. ती घराकडे पाहत होती. मला विचारलं, “हे कोणाचं घर होय व? चांगलं हाय.” थट्टा नव्हती करत. तिला खरंच माहीत नव्हतं.

त्यानंतर पुण्यात तिने एकदाही घराचं नाव काढलेलं नाही. पाणी दिलं का, हेही विचारत नाही. जेवते, झोपते, टीव्ही बघते. मनीषा म्हणते, सासूबाई हलक्या झाल्या. काय मागे ठेवून हलक्या झाल्या, ते मी तिला सांगितलेलं नाही.

वंदनाच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. म्हटलं, नोको घेऊ. भांडले, दोन दिवस जेवले नाही. ती एकच म्हणायची, “आई, मले त्या घरात भेव वाटतच नाही. मले तिथं बरं वाटते.” पण ते बरं वाटणं तिचं आहे, की त्या पाण्याचं? हे मी कोणाला विचारू? डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, दुःखातून बाहेर येऊन राहिली, चांगलं लक्षण आहे. भटजींना विचारलं, ते म्हणाले, जित्या माणसाची शांती करता येत नाही. लाखनीच्या बाईला फोन केला. तिच्या नवऱ्याने सांगितलं, आता बरी आहे, पण साकोलीवरून बस जाते तेव्हा खिडकीतून वाकून बघते आणि रडते.

वंदनाने घर घेतलं. रजिस्ट्री झाली. आंगणात शेवंती लावली. तिचा रंग उजळला आहे, अंगावर मांस आलं आहे, पोरगी नागपूरहून आली की दोघी खिदळतात. आई म्हणून मी आणखी काय मागावं? पण दुपारी शाळेला सुट्टी असली की भिंतीपलीकडून मला तिचं बोलणं ऐकू येतं. फोनवरचं नाही. फोनवर माणूस असं थांबून थांबून बोलत नाही, भाजी निवडता निवडता दोघी बोलतात तसं असतं ते. मी हाक मारली की ते बंद होतं. ती हसत दारात येते. आणि माझे पाय काही आत जायला उचलत नाहीत… जिथे मी आयुष्यभर न विचारता शिरत होते.

माझा मुलगा म्हणतो, आई, तुझंही घर विकून टाक आणि नागपूरला ये. मी म्हणते, नाही रे बाबा. भिंतीपलीकडे माझी पोर आहे, तिला सोडून मी कुठे जाऊ?

याचा अर्थ काय, मला अजून कळलेला नाही. तुमच्यापैकी कोणाला कळला तर लिहा. नव्याने राहायला आलेल्या बायका मला विचारतात, “काकू, वंदना मॅडम तिथं एकट्याच राहतात का हो?”

मी हो म्हणत नाही. नाही पण म्हणत नाही. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि आपल्या घराकडे चालू लागते.